घोड्यांचा तराजू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडे बोलावे असे संयोजकांनी सुचवले. डॉक्टर मंडळी हृदयावर बोलली, बँकेतली मंडळी ठेवींवर बोलली. माझ्या वाट्याला आली होडीची इंजिने. पुण्यात इंजिनांच्या चाचणी विभागात मी बरीच वर्षे काढली आणि आता रत्नागिरीत आउटबोर्ड इंजिनांचे काम करतो. एवढी ओळख पुरे आहे, कारण आज मला माझ्याविषयी काहीच सांगायचे नाही. एका आकड्याविषयी सांगायचे आहे.

मिरकरवाड्याला जा, राजिवड्याला जा, काळबादेवीला जा. फायबरच्या होडीच्या मागच्या फळीला इंजिन अडकवलेले दिसेल. तांडेलाला विचारा, ‘मशीन केवढी?’ तो सांगेल, ‘चाळीसची.’ गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारा स्पीडबोटवाला अभिमानाने मोठा आकडा सांगेल. हा चाळीसचा, साठचा, दीडशेचा आकडा म्हणजे अश्वशक्ती. या आकड्यावर इंजिनाची किंमत ठरते, कर्ज मिळते, विमा उतरतो, नौकेच्या कागदपत्रांत नोंद होते. पण हे चाळीस घोडे कोणी मोजले, कुठे मोजले आणि कधी मोजले, हे कोणीच विचारत नाही.

आपल्या बाजारात भाजीवालीचे वजनमापसुद्धा वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागते. त्यावर शिक्का असतो. पाव किलो कोथिंबिरीला जी शिस्त आहे, ती लाखांत किंमत असलेल्या इंजिनाला नाही. तिथे फक्त टोपणावर चिकटवलेले स्टिकर असते. आज मी तुम्हाला या घोड्यांच्या तराजूविषयी सांगणार आहे.

‘घोडा’ हा शब्द मुळात विक्रीसाठीच आला. अठराव्या शतकात जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिने विकायची होती. गिऱ्हाइकांकडे कामाला घोडे होते. माझे यंत्र तुमच्या किती घोड्यांचे काम करील, हे सांगता आले की सौदा सोपा होणार होता. म्हणून त्याने एका घोड्याचे काम ठरवून टाकले: मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड. आपल्या शाळेच्या पुस्तकात १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट असे जे पाठ केले, ते याच हिशेबातून आले. युरोपात आणि जपानमध्ये मेट्रिक अश्वशक्ती चालते. ती थोडी लहान आहे, ७३५.५ वॅट. तिची कल्पना करणे सोपे आहे: ७५ किलोचा एक धडधाकट खलाशी एका सेकंदात एक मीटर वर उचलायचा. झाली एक अश्वशक्ती. म्हणजे घोडेसुद्धा दोन जातींचे आहेत आणि त्यांच्यात सुमारे दीड टक्क्याचा फरक आहे. हा फरक लहान आहे. मोठे फरक पुढे येतील.

आता मोजायचे कसे? इंजिनाची ताकद थेट मोजणारे कोणतेही यंत्र जगात नाही. मोजता येतात दोनच गोष्टी: फिरत्या दांड्याचा पीळ, म्हणजे ज्याला आम्ही टॉर्क म्हणतो, आणि मिनिटाला होणारे फेरे. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे ताकद. पीळ मोजायचा तर फिरणाऱ्या दांड्याला अडवावे लागते. इंजिन पळू पाहते, आपण ब्रेक लावतो, आणि तो ब्रेक किती जोराने ओढला जातो ते काट्यावर वाचतो. फ्रान्समध्ये प्रोनी नावाच्या अभियंत्याने १८२१ साली लाकडी ठोकळे दांड्यावर आवळून हेच केले. तुमच्यापैकी ज्यांनी तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, त्यांनी दोरीचा ब्रेक पाहिला असेल: फ्लायव्हीलभोवती दोरी, एका टोकाला वजने, दुसऱ्या टोकाला ताणकाटा, आणि दोरी जळू नये म्हणून चाकात पाणी ओतणारा एक बिचारा विद्यार्थी.

मोठ्या इंजिनांना दोरी पुरत नाही. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७७ च्या सुमारास पाण्याचा ब्रेक काढला. गंमत म्हणजे त्याला तो जहाजांसाठीच हवा होता. युद्धनौकेचा पंखा काढायचा आणि त्याच दांड्यावर हा ब्रेक चढवायचा, अशी त्याची योजना होती. आज आम्ही आउटबोर्डसाठी जे करतो ते तत्त्वतः तेच आहे. एका बंद डब्यात पाणी असते. आत पात्यांचे चाक फिरते आणि पाणी घुसळते. पाणी बाहेरच्या डब्यालाही फिरवू पाहते. डबा बेअरिंगवर मोकळा असतो, पण त्याला एक दांडा जोडलेला असतो आणि दांड्याच्या टोकाशी काटा असतो. डब्याला फिरायचे असते, काटा त्याला फिरू देत नाही. काट्यावर दिसते ती ओढ.

हिशेब अगदी नववीतला आहे. काट्यावरची ओढ किलोत घ्या, दांड्याची लांबी मीटरमध्ये घ्या, मिनिटाचे फेरे घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि ७१६ ने भागा. मेट्रिक अश्वशक्ती मिळते. समजा दांडा बरोबर एक मीटर आहे, पंख्याच्या दांड्याचे फेरे २,५०० आहेत आणि काटा १० किलो दाखवतो. उत्तर येते जवळजवळ ३५. आता पाहा, काट्यात अर्ध्या किलोची चूक असेल तर उत्तर पाच टक्क्यांनी चुकले. दांडा एक मीटर म्हणून लिहिला आणि प्रत्यक्षात ९८ सेंटिमीटर निघाला, तर आणखी दोन टक्के गेले. म्हणून खऱ्या चाचणीची सुरुवात इंजिन चालू करून होत नाही. ती वजने टांगून होते. प्रमाणित वजने दांड्याच्या टोकाला लावायची, काटा तेवढेच दाखवतो का ते पाहायचे, वजने काढल्यावर काटा शून्यावर येतो का ते पाहायचे. चाचणी संपल्यावर पुन्हा तेच करायचे. ज्याच्याकडे ही नोंद नाही त्याने सांगितलेल्या अश्वशक्तीवर मी विश्वास ठेवत नाही, मग त्याच्याकडे कितीही महागाचा संगणक असो.

आणखी एक गोष्ट पाण्याची. इंजिनाची सगळी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होते. ३५ अश्वशक्ती अडवायची आणि पाणी ३० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचे नाही, तर मिनिटाला सुमारे १२ लिटर पाणी सतत वाहते ठेवावे लागते. २५० अश्वशक्तीच्या इंजिनाला हेच गणित ९० लिटरच्या आसपास जाते. पाणी कमी पडले की आत वाफ होते, ब्रेकची पकड हलते, काटा नाचू लागतो. नाचणाऱ्या काट्यावरचा सर्वांत मोठा आकडा टिपायचा आणि तोच गिऱ्हाइकाला सांगायचा, ही या धंद्यातली जुनी लबाडी आहे.

आता येतो मुख्य प्रश्न: मोजायचे कुठे? आउटबोर्ड इंजिन पाहिले तर वर डोके असते, तिथे सिलिंडर आणि क्रँक असतो. मग उभा दांडा खाली पायात उतरतो. पायात गिअर असतात, ते फेरे कमी करतात आणि दिशा बदलून आडव्या दांड्याला देतात. त्या दांड्यावर पंखा बसतो. वरच्या क्रँकपाशी मोजले तर एक आकडा येतो, खाली पंख्यापाशी मोजले तर कमी येतो, कारण वाटेत गिअर, बेअरिंगे आणि थंड पाणी खेचणारा पंप आपापला वाटा घेतात. हा वाटा साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या घरात असतो.

कित्येक दशके कंपन्या वरचा आकडा छापत होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या कंपन्यांनी पंख्याच्या दांड्यावरचा आकडा छापायला सुरुवात केली. आज लहान नौकांच्या इंजिनांसाठी आयएसओ ८६६५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आउटबोर्डची जाहीर ताकद पंख्याच्या दांड्यावर धरली जाते. समुद्रात होडी ढकलतो तो पंखा, म्हणून हेच योग्य आहे. पण याचा अर्थ असा की एखाद्या शेडमध्ये पडलेले फार जुने ‘चाळीस’ आणि आजचे ‘चाळीस’ हे एकच नव्हेत. वडिलांच्या काळातले मशीन आणि मुलाचे मशीन यांच्या आकड्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे.

आणि स्टिकरवरचा आकडा नेहमी फुगवलेलाच असतो असेही नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूडने १९०९ साली आपले दीड अश्वशक्तीचे आउटबोर्ड विकायला काढले, तिथून पुढे या इंजिनांचा बाजार वाढत गेला. १९४७ साली मर्क्युरी कंपनीचे ‘लाइटनिंग’ नावाचे मॉडेल आले. वर लिहिले होते १०, पण त्याची खरी ताकद त्याहून बरीच जास्त होती. दहाच्या गटातल्या बाकीच्या होड्या मागे पडत आणि लोक म्हणत, वा, काय दहा आहे! कमी लिहून जास्त विकण्याची ही युक्ती होती. आजही अनेक कंपन्यांची ९.९ आणि १५ ची इंजिने आतून बहुतांशी एकच असतात, सिलिंडर तेच, फरक कार्ब्युरेटरसारख्या भागांत असतो. परदेशात अनेक तलावांवर १० अश्वशक्तीपर्यंतच परवानगी असते, म्हणून ९.९. म्हणजे स्टिकर कधी विक्रीसाठी असते, कधी कायद्यासाठी असते. मोजमापासाठी ते फार क्वचित असते.

कायद्याचा विषय निघाला म्हणून आपल्याकडचे सांगतो. मच्छीमार नौकांच्या डिझेलवरील कराच्या परताव्याला आपल्या राज्यात कित्येक वर्षे १२० अश्वशक्तीची मर्यादा होती. ती पुढे काढण्यात आली. पण ती असेपर्यंत ११९ आणि १२१ या दोन आकड्यांमध्ये किती पैसे होते, याचा विचार करा. आपल्या किनाऱ्यावर परराज्यांतल्या ‘हायस्पीड’ ट्रॉलरचा वाद दरवर्षी पेटतो. त्या वादातही अश्वशक्तीचे आकडे फेकले जातात. हे सगळे आकडे कागदावरून वाचलेले असतात. कागद खरा की खोटा हे मी म्हणत नाही. ज्या आकड्यावर माणसाचे पोट, दंड आणि भांडण अवलंबून आहे, तो आकडा पडताळून पाहण्याची सोय हाताशी असावी, एवढेच म्हणतो.

आता आपल्या कोकणच्या हवेकडे वळू. इंजिन पेट्रोल पिते हे सगळ्यांना दिसते, पण ते त्याहून कितीतरी जास्त हवा पिते. हवा तापली की विरळ होते. हवेत बाष्प वाढले की प्राणवायूची जागा पाणी घेते. म्हणून मानकांमध्ये ठरवून दिले आहे की ताकद सांगताना हवा २५ अंश आणि ठरावीक दाबाची धरायची. चाचणीच्या दिवशी हवा वेगळी असेल तर सूत्राने दुरुस्ती करायची. मे महिन्यातली रत्नागिरीची दुपार घ्या: ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता. सूत्रात घातले तर इंजिन प्रमाण हवेपेक्षा चार-पाच टक्के कमी ताकद देते असे निघते. चाळीसच्या मशीनचे दीड-दोन घोडे केवळ घामाने गेले. यात इंजिनाचा दोष नाही आणि फिटरचाही नाही.

पण इथेच दुसरी लबाडी शिरते. दुरुस्तीचा गुणक हा चाचणीवाल्याच्या हातात असतो. तापमापक इंजिनाच्या गरम अंगाजवळ ठेवला की हवा जास्त तापलेली दिसते, गुणक वाढतो, ताकद कागदावर चढते. म्हणून चाचणीची चिठ्ठी हातात आली की दोन आकडे मागा: काट्यावर प्रत्यक्ष काय आले, आणि दुरुस्तीनंतर काय झाले. दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक दिसला तर समजा की आपली चाचणी हिमालयात झाली आहे.

शेडमध्ये आणखीही खाचखळगे असतात. पुष्कळशा आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली सोडलेला असतो. बंद जागेत चाचणी केली तर इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा आत घेते आणि गुदमरते. थंड पाण्याचा पुरवठा समुद्रातल्यासारखा नसेल तर ते तापते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते आणि ते हवेतले पाणी ओढून घेते. बंदरावर अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवलीत तर तळाशी काय जमते ते फिटरला विचारा. म्हणून तुलना करायची तर तेच पेट्रोल, त्याच दिवशीचे.

आणि वेळ. थंड इंजिन पहिल्या काही सेकंदांत छान आकडा दाखवते. तेच पाच-दहा मिनिटे पूर्ण जोराने धरून ठेवा, सगळे अंग तापू द्या, मग आकडा खाली येऊन स्थिरावतो. जत्रेतल्या पैलवानाने एकदा दगड उचलणे वेगळे आणि हमालाने दिवसभर पोती वाहणे वेगळे. मच्छीमाराला हमाल हवा असतो. त्याला एकच शिखराचा आकडाही पुरत नाही. जाळे ओढताना, भरलेली होडी हळू चालवताना मधल्या फेऱ्यांवर पीळ किती आहे, हे त्याला कळायला हवे. म्हणून चांगल्या चाचणीत एक आकडा नसतो, पूर्ण आलेख असतो: दर पाचशे फेऱ्यांवर पीळ किती, ताकद किती, पेट्रोल किती.

शर्यतींच्या होड्यांविषयी दोन शब्द, कारण तरुण मुले मला तेच विचारतात. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, २०१८ मध्ये आंध्रातल्या अमरावतीजवळ कृष्णा नदीत फॉर्म्युला वन पॉवरबोटी धावल्या. फॉर्म्युला वनच्या त्या होड्यांना अडीच लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन स्ट्रोकचे आउटबोर्ड होते. ते मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या घरात फिरते आणि ४०० च्या आसपास अश्वशक्ती देते. अशा इंजिनाची चाचणी सगळ्यांत कठीण. त्याची ताकद फेऱ्यांच्या अगदी अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. ब्रेकची पकड क्षणभर ढिली झाली तर इंजिन भरकन वर जाऊन फुटू शकते आणि पकड जास्त बसली तर त्या पट्ट्याच्या खाली कोसळते. उलट पी-वनच्या त्या शर्यतींत सगळ्यांना २५० अश्वशक्तीचे सारखेच इंजिन दिले होते, म्हणजे जिंकतो तो चालक. दोन्हीकडे मोजमाप आहेच: एकीकडे पुढे जाण्यासाठी, दुसरीकडे कोणावर अन्याय होऊ नये म्हणून. आपल्या बंदरावर मला दुसऱ्या प्रकारचे मोजमाप जास्त महत्त्वाचे वाटते.

त्याची दोन उदाहरणे देतो. नावे सांगणार नाही.

एका तरुण मच्छीमाराने जुने इंजिन साठचे म्हणून घेतले. होडी भरली की चालेना. विकणारा म्हणाला, तुझी होडी जड आहे. आम्ही इंजिन ब्रेकवर चढवले. तासभर चालवले, हवेची दुरुस्ती केली, तरी ते चाळीसच्या आतबाहेर राहिले. मग सिलिंडरचा व्यास मोजला, अंगावरची नंबरपट्टी तपासली. इंजिन चाळीसचेच होते आणि तब्येतीने उत्तम होते. फक्त त्याच्या डोक्यावरचे टोपण साठच्या मशीनचे होते. टोपण चार कडीकोयंड्यांनी बदलते. फरकाची रक्कम त्या मुलाच्या एका हंगामाची कमाई होती. हातात मोजमापाची चिठ्ठी आल्यावर त्याचे म्हणणे ऐकले गेले. त्याआधी तो फक्त आरडाओरडा करणारा गिऱ्हाईक होता.

दुसऱ्या प्रकरणात उलटे झाले. एका पर्यटन बोटीच्या मालकाची तक्रार होती की फिटरने इंजिन खोलले आणि ताकद घालवली. पैसे देणार नाही म्हणाला. ब्रेकवर इंजिनाने स्टिकरइतकीच ताकद दिली. दोष पंख्यात होता. कोणीतरी जास्त पिचचा पंखा बसवला होता, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापू पाहणारा. सायकल चढावर वरच्या गिअरमध्ये चालवावी तसे ते इंजिन धापा टाकत होते. पंखा बदलला, भांडण मिटले, फिटरला त्याची मजुरी मिळाली. तराजू गिऱ्हाइकाची बाजू घेत नाही आणि दुकानदाराचीही घेत नाही. म्हणून तर दोघांना तो हवा.

कमी ताकद ही फक्त पैशांची गोष्ट नाही. भाट्ये खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या वाळूची आणि तिथे फुटणाऱ्या लाटांची कथा राजिवडा-कर्ल्याच्या लोकांना मी सांगायला नको. हंगामाच्या सुरुवातीला समुद्र अजून खवळलेला असतो. दोन लाटांच्या मधल्या अवकाशात होडी आत काढायची असते. त्या वेळी चाळीस समजून तीस घेऊन गेलेल्या माणसाला दुसरी संधी मिळेलच असे नाही. आणि जास्त ताकदही तितकीच वाईट. प्रत्येक होडीची मागची फळी ठरावीक इंजिनासाठी बांधलेली असते. तिच्यावर लपवलेले जास्तीचे घोडे लावून पर्यटकांची पोरेबाळे घेऊन वळण मारले, तर काय होईल ते सांगायला अभियंता लागत नाही.

डायनो प्रत्येकाच्या दारात येणार नाही, हे मला कळते. म्हणून घरचा एक उपाय सांगतो. फेरे दाखवणारा मीटर बसवा. होडीचा तळ घासून स्वच्छ करा, पंखा सरळ आहे याची खात्री करा, नेहमीचेच वजन घ्या आणि शांत पाण्यात पूर्ण जोर देऊन सर्वाधिक फेरे किती होतात ते वहीत लिहा. दर हंगामाला तेच करा. त्याच होडीला तोच पंखा असेल तर पंखा खातो ती ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणजे ५,५०० चे ५,२०० झाले तर फेरे साडेपाच टक्के कमी झालेले दिसतात, पण ताकद सुमारे १५ टक्के गेलेली असते. तळाला शेवाळ आणि शिंपले असतील तर मात्र हा हिशेब फसतो, कारण तेव्हा इंजिन ठणठणीत असूनही फेरे पडतात. म्हणून आधी तळ घासायचा आणि मगच इंजिनाला बोल लावायचा.

आता या मेळाव्याकडे माझी एक मागणी आहे. आमच्या शेडमधला पाण्याचा ब्रेक खाजगी आहे. मी इंजिने दुरुस्त करतो आणि मीच ती मोजतो. दुकानदारानेच तराजू तपासावा तसे हे झाले. माझ्या चिठ्ठीवर आज लोक ओळखीने विश्वास ठेवतात. पण ओळखीवर चालणारे मोजमाप हे मोजमाप नव्हे. हा ब्रेक मी एखाद्या संस्थेला द्यायला तयार आहे. आपल्या गावात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. यांपैकी जिथे जागा आणि पाणी मिळेल तिथे तो बसावा. पुण्यात एआरएआय १९६६ पासून वाहनांच्या इंजिनांसाठी हे काम मोठ्या प्रमाणावर करते. आपल्याला त्याच्या शंभराव्या हिश्श्याचीही गरज नाही.

वेळही ठरलेलीच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. इंजिने उतरवून घरात, पडवीत ठेवलेली असतात. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस ब्रेक चालला तरी पुष्कळ झाले. प्रमाणित वजने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यायची. प्रत्येकाला एक छापील चिठ्ठी द्यायची. तिच्यावर इंजिनाचा नंबर, तारीख, हवेचे तापमान आणि आर्द्रता, कोणत्या दांड्यावर मोजले, किती मिनिटे धरले, काट्यावरचा आकडा आणि दुरुस्त केलेला आकडा, आणि चाचणीआधी व नंतर वजने लावून पाहिल्याची नोंद असावी. खाली संस्थेचा शिक्का असावा. एवढी चिठ्ठी असली की जुने इंजिन विकणाऱ्याला योग्य भाव मिळेल, घेणारा फसणार नाही, बँकेला आणि विमा कंपनीला काहीतरी ठोस दिसेल, आणि दुर्दैवाने अपघात झालाच तर चौकशीला आधार मिळेल.

आपल्यापैकी काही जण या संस्थांमध्ये शिकवतात, काही जण सरकारी कार्यालयांत आहेत, काही जणांच्या घरी आजही होड्या आहेत. मला देणगी नको आहे. मला पत्रावर सह्या हव्या आहेत आणि संस्थांच्या दारापर्यंत सोबत येणारी चार माणसे हवी आहेत. ब्रेक बसला की पहिल्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या नववीच्या मुलांना तिथे न्यावे अशीही विनंती मुख्याध्यापकांना करतो. पुस्तकातले ‘कार्य भागिले वेळ’ त्यांना काट्यावर हलताना दिसेल. त्यांतल्या पुष्कळ मुलांच्या घरचेच इंजिन तिथे लावलेले असेल.

जेवणाची वेळ झाली आहे आणि स्वयंपाकघरातून येणारा वास माझ्या भाषणापेक्षा ताकदवान आहे, तो मोजायला ब्रेकही लागत नाही. सह्यांचा कागद मी दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवायला जाताना तिथे जरा थांबा.